चमचाभर तेल

मनोरमाबाईंचं पत्र माझ्या हातात पडलं, तेव्हा त्याची मुदत टळून गेली होती. 'गणपतीपर्यंत उत्तराची वाट पाहीन, नंतर समजून घेईन,' असं शेवटी लिहिलं होतं. आणि मी ते वाचत होतो दिवाळीत, दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एकतिसाव्या मजल्यावर, मुलाच्या घरात, आकाशकंदिलाच्या वायरचा गुंता मांडीवर घेऊन.

या देशात पोस्टमन दारी येत नाही. पत्रं कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये पडतात आणि कुणीतरी जाऊन ती आणायची असतात. माझ्या मुलाच्या, वेदांगच्या कंपनीनं जूनमध्ये ऑफिस बदललं. पेटीची किल्ली ज्याच्याकडे असायची, तो सुजीत नोकरी सोडून केरळला गेला. बिलं सगळी ईमेलवर येतात, तेव्हा पेटीची आठवण कुणाला राहणार? दिवाळीत वेदांगनं ती उघडली, तोवर चार महिने ते निळं पाकीट तिथे पडून होतं.

चौतीस वर्षं सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो मी. सवयीनं पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आल्याची तारीख घातली... आणि तिच्याकडे बघत बसलो. मुदत गेली. आता काय लिहायचं?

उत्तर द्यायचं राहून गेलं, असं मी मनाशी म्हणत आलो. ते खरं नाही. मी दिलं नाही. उशीर झाला ही सबब मला आयती मिळाली आणि मी ती उराशी धरली.

त्यांची माझी ओळख थडग्यांवरच्या कुप्यांसमोर झाली, हे सांगायला मला अजूनही संकोच वाटतो. प्रेमाच्या गोष्टीला याहून बरी जागा मिळायला हवी होती. पण झाली ती तिथेच.

अबू धाबीतल्या एका संग्रहालयात ग्रीसहून दीड वर्षाच्या बोलीवर आणलेल्या कुप्या मांडल्या होत्या. उंच, निमुळत्या, पांढऱ्या अंगाच्या, तेल ठेवायच्या. अथेन्सचे लोक चोवीसशे वर्षांपूर्वी त्या आपल्या माणसांच्या थडग्यांवर नेऊन ठेवत. वर बारीक रेघांनी चित्रं काढलेली. मी वर्तमानपत्रात वाचलं आणि दुबईच्या इब्न बतूता बसस्थानकावरून बस धरून गेलो. एका कुपीपुढे वाकून पाटी वाचत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला –

"सांगलीचे का?"

मी दचकलो. हातात सांगलीच्या कापडदुकानाची पिशवी होती, हे नंतर लक्षात आलं.

"हो... म्हणजे नोकरी तिथे होती."

"मग मराठीत सांगा, या बाईच्या टोपलीत काय आहे? पाटी बारीक आहे, आणि माझा चष्मा मुलीच्या पर्समधून हॉस्पिटलात गेलाय."

साठी ओलांडलेल्या बाई. फिकट जांभळी सुती साडी, त्यावर पुरुषी वाटावा असा राखाडी स्वेटर आणि पायांत चक्क स्पोर्ट्स शूज. डोळे मात्र असे, की प्रश्न विचारून झाल्यावरही ते विचारतच राहत.

"फिती आहेत," मी म्हणालो. "थडग्याच्या खांबाला बांधायच्या. आणि या अशाच कुप्या."

"आणि हा पायरीवर बसलाय तो?"

"तो... गेलेला. त्याचंच थडगं आहे ते."

"ती बघत नाहीये त्याच्याकडे."

"तिला तो दिसत नाही."

"त्याला ती दिसते?"

मी पाटी पुन्हा वाचली. "तसं लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नसू दे. तुम्हाला काय वाटतं?"

चौतीस वर्षांत लोकांनी मला पुस्तक कुठल्या कपाटात आहे एवढंच विचारलं होतं. मला काय वाटतं, हे विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. मी उगाच चष्मा पुसला. आणि कसं कोण जाणे, म्हणून गेलो, "दिसत असावी. नाहीतर तो असा मान कलती करून बसला नसता."

त्यांनी काचेजवळ जाऊन बघितलं. "हं," म्हणाल्या. "खरंच की."

मनोरमाबाई देवरुखच्या. लेकीच्या बाळंतपणासाठी रुवैसला आल्या होत्या, तिथल्या रिफायनरीत जावई इंजिनिअर. लेकीचं हे पहिलंच, तेही उशिराचं, म्हणून एक मंगळवार आड अबू धाबीला मोठ्या डॉक्टरकडे तपासणी. आत एकालाच सोडतात. मग जावई सासूबाईंना संग्रहालयापाशी उतरवून जायचा.

"इथे एसी आहे, बाकडं आहे, बाथरूम स्वच्छ आहे आणि म्हाताऱ्यांना तिकीट नाही," त्या म्हणाल्या. "देवळातसुद्धा एवढं मिळत नाही."

पुढच्या खेपेच्या मंगळवारी मी पुन्हा गेलो. त्या त्याच बाकावर होत्या.

"आजही योगायोगानंच आलात वाटतं?"

"बस... हीच मिळाली."

"दोन तासांची बस चुकून मिळाली?" त्या हसल्या. "बसा आता. कान लाल झालेत तुमचे."

तेव्हापासून मी दर पंधरवड्याला जाऊ लागलो. घरी सुनेला, समिधाला, सांगितलं की संदर्भासाठी टिपणं काढतोय. कसला संदर्भ, हे तिनं विचारलं नाही. फक्त डब्यात चटणी-पोळी जरा जास्त घालू लागली.

दालनाचा पहारेकरी झुबेर हैदराबादचा. तोही आम्हाला ओळखू लागला. "चाचा, अम्मा आज जल्दी आगए," असं दारातच सांगायचा.

एका कुपीवरची बाई अगदी उघडी होती. मनोरमाबाईंनी मला कोपरानं खुणावलं. "ही अशीच स्मशानात निघाली?"

"कपडे होते. कुपी भाजून झाल्यावर ते रंग वरून दिले, म्हणून टिकले नाहीत. खालची रेघ तेवढी राहिली."

"अगं बाई! म्हणजे बिचारी घरून नीट नेसून निघाली होती..." त्या तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. मीही हसलो. संग्रहालयात इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात हसलो नव्हतो. झुबेरनं ओठांवर बोट ठेवलं, पण तोही हसत होता.

चौथ्या की पाचव्या मंगळवारी त्या टोपलीवालीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हिला जायला जागा आहे," म्हणाल्या. "बरं आहे हिचं."

विचारायचं धाडस नव्हतं. त्यांनीच सांगितलं. त्यांचे यजमान जबल अलीच्या बंदरात क्रेनवर होते. एकोणनव्वद साली उन्हाळ्यात छातीत कळ आली आणि गेले. लेक तेव्हा पोटात होती. इथेच त्यांना अग्नी दिला, आणि महिन्याभरानं त्यांच्या खोलीतला तुकाराम म्हणून होता, तो सुट्टीवर गावी आला तेव्हा अस्थी घेऊन आला.

"दुधाच्या पावडरीच्या डब्यातून. पिवळा डबा, झाकणाला चिकटपट्टी. तो तरी काय करणार, त्या खोलीत दुसरं भांडं कुठलं? संगमेश्वरला जाऊन संगमावर अस्थी सोडल्या. डबा राहिला. टाकायला कुणाचा हात होईना, घरात घ्यायला सासूबाई तयार होईनात. पडवीच्या कोपऱ्यात ठेवला. मी रोज केर काढताना तो उचलायची, खालचं झाडायची, परत ठेवायची."

"किती वर्षं?"

"तळ गंजून गळून पडेपर्यंत."

इतकी पुस्तकं वाचलेल्या मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली, एवढंच. त्यांनी दोन घोट घेतले. बाटली परत करताना त्यांची बोटं माझ्या बोटांवर राहिली... क्षणभर, कदाचित त्याहून थोडी जास्त. त्या काचेकडे बघत होत्या. मीही काचेकडेच बघत होतो. काचेत आम्ही दोघं अस्पष्ट दिसत होतो, कुपीच्या दोन बाजूंना.

बसमध्ये परत येताना मला स्वतःची लाज वाटली. कारण त्यांच्या दुःखाच्या गोष्टीतला तो क्षणच मी पुन्हा पुन्हा आठवत होतो.

शेवटची भेट जानेवारीतली. त्या दिवशी इथे पाऊस झाला. इथला पाऊस म्हणजे तासाभराचा, पण रस्त्यांना त्याची सवय नाही. दुबईत एक भुयारी रस्ता तुंबला आणि बस दीड तास उशिरा पोचली. मी ओल्या चपलांनी दालनात शिरलो, तर झुबेर म्हणाला, "अम्मा कब के दरवाजे कोच देख रैं."

"पुढच्या आठवड्यात दिवस भरतायत," मनोरमाबाई म्हणाल्या. "यानंतर येणं नाही. मला वाटलं, आज तुम्हीच येत नाही की काय."

मला काहीतरी बोलायचं होतं. बसमध्ये दीड तास तेच जुळवत होतो. पण तोंड उघडलं आणि बाहेर पडली ती माहिती. दालनातल्या सगळ्यात मोठ्या, हातभर उंचीच्या कुपीकडे बोट दाखवून मी म्हणालो, "हिचा क्ष-किरणांचा फोटो आहे बघा पाटीवर. आत एक इवलीशी वाटी बसवलीय. कुपी गळ्यापर्यंत भरलेली दिसते, पण तेल फक्त त्या वाटीत. चमचाभर. बाकी सगळी पोकळ."

"फसवाफसवी."

"तेल महाग असेल... किंवा घरात नसेल." मग मी कुपीकडेच बघत म्हणालो, "मनोरमाबाई, मी असाच आहे. लोकांना वाटतं, भरलेला माणूस आहे. एवढं वाचलंय. पण आत फार थोडं आहे. कुणाला पुरेल असं नाही."

खाली जावयाची गाडी आली होती. त्यांनी पर्समधून डायरी काढली. "पत्ता लिहा," म्हणाल्या. "फोन नंबर नको. फोनवर माणूस 'हो हो' म्हणतो आणि ठेवून देतो."

मी कंपनीचा पोस्ट बॉक्स नंबर लिहिला. बाळ झालं का, कसं आहे, हे कळायचा मार्ग मात्र मागून घेतला नाही. असा मी.

आणि मग ते पत्र. अर्धं पान बाळाचं होतं, मुलगा झाला, त्याचं नाव रुहान ठेवलं, त्याची मालिश, रडणं, जावळ. मग पुढे –

'तुम्ही त्या दिवशी जे बोललात, त्याचं उत्तर तेव्हा सुचलं नाही. आता देते. पस्तीस वर्षं मी हात आखडून स्वयंपाक केलाय. चमचाभर तेलात चांगली भाजी होते. करणाऱ्याला यावी लागते.

तुम्ही मला विचारणार नाही हे मी ओळखलंय, म्हणून मीच विचारते. इथे देवरुखच्या घरात मागच्या दोन खोल्या मोकळ्या आहेत. पुस्तकांना वाळवी लागणार नाही याची हमी देत नाही. बाकी हमी देते. याल का?

लोक काय म्हणतील ते मी बघून घेईन, मला सवय आहे.'

मग ती गणपतीची मुदत.

आमची ही गेली त्याला सहा वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाली होती, "तुम्ही माणूस चांगले आहात हो. पण सदतीस वर्षं मी वाचनालयाबाहेरच्या बाकावर बसल्यासारखी बसले." त्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. मनोरमाबाईंचं पत्र वाचताना मला तेच ऐकू येत होतं. आणखी एका बाईला मी त्या बाकावर बसवू का? मुदत टळली ते बरंच झालं, अशी मनाची समजूत घातली आणि पत्र शब्दकोशात ठेवून दिलं. पाच-सहा वेळा उत्तर लिहायला बसलो. प्रत्येक वेळी उशिराची क्षमा मागण्यातच पान संपायचं. संग्रहालयाकडे तर फिरकलोही नाही.

एप्रिलमध्ये वाचलं, कुप्या परत जाणार. शेवटचा आठवडा. एकदा बघून येऊ म्हणून गेलो. दालनात लाकडी खोकी येऊन पडली होती. झुबेरनं मला बघितलं आणि ओळखीचं हसलाच नाही.

"कहाँ थे चाचा इत्ते दिन?"

"तबियत..." मी खोटं बोललो.

"अम्मा आए थे ना. जनवरी में. नवासे की सालगिरह थी, बोले."

म्हणजे नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला. "यहाँ आए थे?"

"तीन मंगल आए. दामाद छोड़ को जाते थे. पैले दिन मेरे कू पूछे, चाचा आते क्या. मैं बोला, नई आते. दूसरे मंगल को कुछ नई पूछे, खाली बैठे रहे. तीसरे मंगल को..." त्यानं टोपलीवालीच्या काचेकडे बोट केलं. "उधर खड़े रहे. जाते वखत बोले, आए तो सलाम बोलना. बस."

मुदत टळल्यानंतर चार महिन्यांनी त्या आल्या होत्या. ज्यानं साध्या पोचेचीही दोन अक्षरं पाठवली नव्हती, त्याच्यासाठी. रुवैसहून अडीच तास जायला, अडीच तास यायला, तीन वेळा. आणि मी तेव्हा एकतिसाव्या मजल्यावर त्यांच्या भल्यासाठी गप्प बसलो होतो.

मी त्यांना बाकावर बसवायला नको म्हणून उत्तर दिलं नव्हतं. आणि नेमकं तेच केलं होतं.

रात्रीच्या जेवणाला वेदांग म्हणाला, "बाबा, पासपोर्ट काढून ठेवा. व्हिसा पंचवीस मेला एक्स्पायर होतोय. मेडिकलची अपॉइंटमेंट घेतो."

आईवडिलांचा व्हिसा इथे एकेका वर्षाचा असतो. दर वर्षी या सुमारास हेच संभाषण होतं आणि मी "बरं" म्हणतो.

"नको," मी म्हणालो.

"मग मंडेला घेऊ?"

"रिन्यूच करू नकोस. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की तसाही रद्दच होतो ना?"

समिधाचा वाढता हात थांबला. वेदांगनं फोन खाली ठेवला. "सहा महिने कुठे चाललात तुम्ही?"

"देवरुखला."

"व्हेअर इज देवरुख?" नात केयानं विचारलं. ती चौदा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते.

"ते निळं पाकीट," वेदांग हळू म्हणाला. "अक्षर बाईचं होतं. मी विचारलं नाही."

"मी सांगितलं नाही."

"रिप्लाय केलात?"

"नाही."

"आजोबा!" केया ओरडली. "यू घोस्टेड हर? फॉर सिक्स मंथ्स?"

"केया, जेव."

"काय म्हणतेय ती?" मी विचारलं.

समिधा म्हणाली, "म्हणतेय, तुम्ही फार वाईट वागलात."

"बरोबर म्हणतेय."

वेदांगनं ताटाकडे बघत विचारलं, "बाबा, आमचं काही कमी पडलं का?" त्याचा आवाज एकदम लहानपणचा झाला होता.

"नाही रे. तुझ्या आईला मी कमी पडलो. तिनं मला सांगितलं होतं, मरताना. ते ऐकून मला वाटलं, आता कुणाच्या वाटेला जाऊ नये. पण तिनं ते त्यासाठी सांगितलं नव्हतं... असं मला आज वाटतंय. चुकतही असेन."

तो उठला. मला वाटलं, रागावून गेला. खिडकीपाशी बराच वेळ उभा राहिला, खाली शेख झायेद रोडवर गाड्यांचे दिवे वाहत होते. परत आला तेव्हा म्हणाला, "तिकडे नेट चालतं का? केयाशी रविवारी बोलावं लागेल तुम्हाला. ते कम्पल्सरी आहे." मग फोन उचलून, "त्यांचा नंबर शोधू का? फेसबुकवर मिळेल दोन मिनिटांत."

"नको. त्यांनी पत्र लिहिलंय."

या खेपेला पान क्षमेत संपवलं नाही. लिहिलं ते एवढंच –

'तुमचं पत्र मला उशिरा मिळालं हे खरं आहे, आणि ते कारण नाही हेही खरं आहे. मी घाबरलो. तुम्ही तीन मंगळवार येऊन बसलात, ते झुबेरनं सांगितलं.

दोन खोल्या नकोत, एक पुरे. पुस्तकं फार आणत नाही. मला तुम्ही आवडता. हे वाक्य मी कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही, म्हणून ते असं ओबडधोबड आहे.

वीस मेला निघतो. तुम्ही दारातून परत जा म्हणालात तर जाईन. पण आधी दारापर्यंत येईन.'

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात गेलो. काउंटरवरच्या मुलीच्या कोटावर यम्ना असं नाव होतं. तिनं पाकीट उलटसुलट केलं. "सर, सेंडर अ‍ॅड्रेस? पीओ बॉक्स?"

पीओ बॉक्स माझा नव्हताच कधी. आणि वीस तारखेनंतर एकतिसावा मजलाही नसणार. मी पेन घेतलं, क्षणभर थांबलो... आणि पाकिटाच्या मागे 'प्रेषक' लिहून खाली देवरुखचा पत्ता घातला. तोही पुढच्या पत्त्यासारखाच इंग्रजीत लिहिला.

तिनं पुढे बघितलं, मागे बघितलं. "सर, मिस्टेक. टू अँड फ्रॉम, सेम अ‍ॅड्रेस."

"नो मिस्टेक."

"इफ इट कम्स बॅक, आय सेंड इट... हिअर?"

"येस," मी म्हणालो. "देअर."

माझे कान लाल झाले असणार. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, मग कसलासा अंदाज येऊन ओठ दाबून हसली. तिकीट लावलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या निळ्या पेटीत टाकलं.

"खलास, अंकल. डन," ती म्हणाली.